वहिनींच्या डोक्यातली रिकामी जागा

कामाच्या वेळेत माणसाचं मन ही आस्थापनेची मालमत्ता असते, हे आता सर्वमान्य आहे. मतभेद उरला आहे तो एवढाच, की ही मालमत्ता दिवसातून साठ-सत्तर वेळा भिंत ओलांडून हिंडायला जाते, तेव्हा तिला अडवायचं कुणी. औषधाच्या त्या कारखान्यात कामगारांच्या पिशव्या तपासत, खिसे उलटे करायला लावत. मनं मात्र खुशाल ये-जा करत. म्हणून व्यवस्थापकसाहेबांनी लक्षसंवर्धन सल्लागार नेमला. त्याच्या अहवालानुसार प्रत्येक कामगाराचं मन रोज तीन तास बारा मिनिटं गैरहजर असे. (हा आकडा त्याने कारखान्यात पाऊल टाकण्याआधीच काढला होता, यावरून त्याचा अभ्यास किती खोल असेल ते कळावं.)

तपासणी विभागात शेजारी शेजारी दोन पट्टे होते. दिव्याखालून बाटल्या सरकत. लेबल बघायचं, चुकलेली बाटली उचलायची. पहिल्या पट्ट्याशी वहिनी बसत. बावीस वर्षं सगळे त्यांना वहिनी म्हणत. कुणाच्या, ते कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या पट्ट्याशी जो बसे त्याला खांब म्हणत. एकदा बसला की हलत नसे.

सल्लागाराने दोघांच्या चाचण्या घेतल्या. आधी आकडे ऐकून उलटे म्हणायचे होते. वहिनींनी नऊ आकडे म्हटले आणि वर, "तुम्ही पाच वाचलंत, कागदावर सहा आहे," हेही सांगितलं. खांब तीन आकड्यांपर्यंत पोचला, तिसरा अंदाजाने.

मग दिवसभरात पन्नास वेळा घंटी वाजवली. वाजली त्या क्षणी मनात काय होतं, ते सांगायचं. खांब पन्नासही वेळा म्हणाला, "बाटली." वहिनी बेचाळीस वेळा भलतीकडेच सापडल्या.

"सासूबाईंचं गुडघ्याचं तेल संपत आलंय."

"धाकटीच्या डोक्यात अपूर्णांक कसे घालू?"

"आईच्या आजारपणात भावाला एक शब्द जास्त बोलले. तीन वर्षं बोलत नाही. आता सुरुवात कशी करू?"

एकदा तर, "तुमच्या शर्टाचं दुसरं बटण निघायला आलंय."

बावीस वर्षांत वहिनींच्या हातून एकही चुकलेली बाटली सुटली नव्हती. खांबाच्या हातून रोज सहा सुटत. त्या वहिनीच हात लांबवून काढत. पण चाचणी लक्षाची होती, बाटल्यांची नव्हे. निष्कर्ष असा निघाला, की वहिनींची स्मरणशक्ती कामाच्या गरजेपेक्षा मोठी आहे; साध्या कामाला ती निम्मीही लागत नाही; उरलेल्या जागेत मन हिंडतं; सबब जागा भरून टाकावी. खांबाला 'एकाग्र कामगार' असं प्रमाणपत्र मिळालं. (फोटोत तो कॅमेरा सोडून डावीकडे बघतो आहे.)

"अहो, पण काम तर चोख होतंय ना?" वहिनींनी विचारलं.

"काम होणं वेगळं आणि लक्ष असणं वेगळं, वहिनी," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते रंगवून भिंतीवर लावलं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींना सकाळी एक दहा आकडी संख्या मिळू लागली. दर मिनिटाला तीतून तेरा वजा करायचे आणि सुट्टीच्या भोंग्याला उत्तर द्यायचं. आठ दिवस उत्तर बिनचूक आलं. भटकंती शून्यावर आली. घरी धाकटीने विचारलं, "पाऊण म्हणजे किती गं?" वहिनी म्हणाल्या, "वजा तेरा."

आठव्या संध्याकाळी भावाचा फोन आला. "कशी आहेस?" त्याने विचारलं. त्याच्याशी बोलायचं वाक्य वहिनींनी दिव्याखाली हजारदा घडवलं होतं, मोडलं होतं. त्या क्षणी त्यातला एक शब्द सापडेना. "बरी आहे," त्या म्हणाल्या. "बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. वहिनी कितीतरी वेळ फोन कानाशी धरून बसल्या.

नवव्या दिवशी सल्लागार स्वतःच्या सत्काराला गेला होता. संख्या द्यायला कुणी नव्हतं. वहिनींचं मन तडक घरी पोचलं. अपूर्णांक चमच्यांनी शिकवावेत का? पाव चमचा, अर्धा चमचा... आणि त्यांचा हात थबकला. काल लहान मुलांच्या बाटल्यांवर 'चार चमचे' होतं. हवं होतं 'पाव'. डोळ्यांनी पाहिलं होतं, पण तेव्हा तेरा वजा होत होते.

वहिनी धावत गोदामात गेल्या आणि निघालेल्या ट्रकसमोर उभ्या राहिल्या. "उतरवा सगळं!"

"लेखी हुकूम?" ड्रायव्हरने विचारलं.

"पोरं मरतील रे. उतरव आधी!"

पाचशे बाटल्या उतरल्या. पाचशेही चुकलेल्या.

लगेच चौकशी समिती बसली. सदस्य सात.

"चूक आठवली तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं?"

"चमच्यात."

"म्हणजे पट्ट्यावर नव्हतं?"

"नव्हतं."

समितीने ठरवलं, की चूक भटकंतीत सापडली असल्याने ती रीतसर सापडली असं धरता येत नाही. जागा सोडल्याबद्दल वहिनींना सक्त ताकीद, आणि संख्या यापुढे बारा आकडी. निकाल अकरा पानांचा होता. वहिनी मान डोलवत ऐकत होत्या. चौथ्या पानाशी त्यांना भावाला सांगायचं वाक्य सापडलं.

घरी जाऊन त्यांनी फोन लावला. "तेव्हा मी जास्त बोलले. तू नसलास की आईची आठवण काढायला कुणी उरत नाही रे."

भाऊ म्हणाला, "रविवारी येतो."

सकाळी सल्लागाराने बारा आकडे सांगितले. "विसरले," वहिनी म्हणाल्या. त्याने पुन्हा सांगितले. "विसरले." दुपारपर्यंत असंच चाललं. शेवटी 'स्मरणशक्ती कामाच्या मापाची झाली' असा शेरा मारून त्याने आपलं यश जाहीर केलं, आणि वहिनींचं डोकं त्यांना परत मिळालं.

त्याच चुकीच्या लेबलाच्या बारा बाटल्या मात्र ट्रक निघण्याच्या आदल्या दिवशीच दुकानांत गेल्या होत्या. त्या शोधाव्यात असा अर्ज वहिनींनी केला. समितीने तो फेटाळला. सातही सदस्यांनी आपापल्या घरच्या औषधावर किती चमचे लिहिले आहेत ते आठवून पाहिलं. एकालाही आठवलं नाही. सबब लेबल कुणी वाचतच नाही, आणि जे वाचलंच जात नाही ते चुकून कुणाचं काय बिघडणार?

या तर्काचा तुम्हाला संताप आला असेल, तर तुमच्या कपाटातल्या बाटलीवर किती चमचे लिहिलंय, ते जागेवरून न उठता सांगा पाहू.