शैलाक्का आणि हनुवटीचे केस

शैलाक्काच्या पार्लरमध्ये भुवया करायला गेलं तर आधी पाळीची तारीख सांगावी लागते. तीही मोठ्यानं, कारण अक्काचा प्रश्नच मोठ्यानं असतो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या तारखा पाठ असाव्यात.

मी तिच्या वरच्याच मजल्यावर राहते. पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं दिवा माझ्या हनुवटीवर ओढला, बराच वेळ निरखलं आणि निराश होऊन म्हणाली, "काय न्हाय तुझ्यात. भुवया करून जा."

तिचा खरा जीव हनुवटीच्या केसांत. जाड, राठ केस दिसले की ती दोरा खाली ठेवते. "ह्यो नुसता केस न्हाय, निरोप हाय. आतनं आलाय. पाळी किती म्हैन्यांनी येती?" उत्तर 'तीन-चार' असं आलं की गिऱ्हाईक परत. "आधी बायकांच्या डॉक्टरकडं जा, मग माझ्याकडं ये." हिचा धंदा कसा चालतो हे मला अजून कळलेलं नाही. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं तिनं इतक्या पोरी धाडल्या की शेवटी बाईंनी तिलाच समोर बसवून सगळं समजावून सांगितलं.

एकदा एकीचा नवरा दारात येऊन तणतणला. "माझ्या बायकोत पुरुषी हार्मोन हाय म्हणून सांगितलंसा तुम्ही?"

"सगळ्याच बायकांत असतंय, पावणं. अंडाशयातच तयार हुतंय, आन् त्याच्यापास्नंच बायकी हार्मोन बनतंय. अगदीच कमी असलं तर बीज वाढत न्हाय, लई झालं तर अर्ध्यावर अडून बसतंय. रश्श्यात मीठ पायजेच की. पर मूठभर पडलं तर कोण खाईल?"

पाहुणे जाताना दवाखान्याचा पत्ता घेऊन गेले.

रोहिणी मात्र ऐकत नव्हती. हुपरीची पोर, घरच्या कारखान्यात पैंजणांच्या कड्या जोडायची. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गावात कुणी बघायला नको म्हणून दर पंधरा दिवसांनी हनुवटीचे केस काढायला एसटीनं इथं यायची, म्हणून अक्का तिला तेवढी परत पाठवत नसे. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, "सासूबाई म्हणत्यात, माझ्यातच खोट हाय. डॉक्टर काय करणार?"

एका शनिवारी, ऐन लग्नसराईत, अक्कानं शटर ओढलं आणि तिला रिक्षात घातलं. मला सुट्टी होती, म्हणून मलाही.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. रिपोर्ट आल्यावर पुन्हा तिघी गेलो. बाईंनी सांगितलं, पुरुषी हार्मोन वाढलंय, त्यामुळं बीज पूर्ण वाढत नाही. गोळ्या घ्यायच्या, रोज चालायचं, पाळी मार्गी लागू शकते. मुलाची हमी नाही, पण आशा सोडायचं काही कारण नाही. रोहिणी पदरात तोंड घालून रडली.

अक्का हळूच बोलली. तिला हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं.

"बाई, एकीला चोविसाव्या वर्षी असंच हुतं. म्हैनोन् म्हैनं पाळी न्हाय, हनुवटीला केस. पोर हुईना म्हणून माहेरी आणून सोडली. तिलाबी ह्येच असंल का?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "असेलही. इतक्या वर्षांनी खात्रीनं नाही सांगता येणार. पण तिची काही चूक नव्हती, अक्का."

हे अक्काला ठाऊक नसेल असं नाही. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं ते कधी ऐकलं नसावं. ती उठली, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन चपला शोधत राहिली. चपला समोरच होत्या.

पार्लरमध्ये आल्यावर रोहिणी नेहमीच्या खुर्चीत बसली. "ऊठ," अक्का म्हणाली आणि स्वतःच तिथं बसली. मान मागं टाकली, दिवा ओढला. "तीस वर्षं कडी लावून माझं मीच करत आलोय. कुणाला हात लावू दिला न्हाय. आज तू कर."

रोहिणीनं चिमटा उचलला. कड्या जोडून सरावलेला तिचा हात जराही हलला नाही. मी उगाचच कंगवे आवरत बसले.

रोहिणीची पाळी आता बरीचशी वेळेवर येते. मूल अजून नाही. पण दर पंधरा दिवसांनी शनिवारी ती येतेच. आधी स्वतःची हनुवटी करून घेते, मग अक्काची करते. तेवढा वेळ अक्का डोळे मिटून बसलेली असते.