टोपातलं युद्ध

मी आयुष्यात स्वतःहून असे निर्णय घेतलेलेच नाहीत. लग्न बापाने ठरवलं, गिरणीत मामाने चिकटवलं, संप युनियनने पुकारला. एकच निर्णय मी माझ्या डोक्याने घेतला, तोसुद्धा चहाची वाट बघत बसलो असताना. मेव्हण्याला म्हटलं, "आनंदा, लढाईच बघायची तर आमच्या जिन्यावर बघ की." एवढंच. पुढे जे झालं ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आता सांगायला बसलोय तरी कळलंय असं नाही.

आनंदा म्हणजे आमच्या हिचा, गंगूबाईचा, धाकटा भाऊ. पवईकडच्या मोठ्या कॉलेजात शिकायचा आणि सुट्टी लागली की लालबागला आमच्या खोलीत येऊन राहायचा. त्याचा अभ्यासाचा विषय लढाई. मला वाटलं, पोरगा मिलिटरीत जाणार. पण हा चष्मेवाला, पाण्याची बादली उचलली तर नळापासून दारापर्यंत चारदा टेकवायचा. लढाई तो कागदावर करायचा. एक निळी चौकट, एक लाल चौकट, मध्ये बाण. निळ्याने गोळी झाडली की बाण तिकडे. तिकडे माणसं पडली की ती खबर घेऊन बाण इकडे. मागून कुमक आली की तिचा आणखी एक बाण. कागदभर नुसती बाणांची झिम्मड, पण रक्ताचा थेंब नाही. मला तेवढं आवडायचं.

"भावोजी, लढाई म्हणजे सैनिक नव्हेत," तो म्हणायचा. "लढाई ही एक सिस्टीम आहे."

"बरं."

"सेनापतीला रणांगण दिसत नाही. त्याला मिळते ती फक्त खबर. खबरीवरून तो हुकूम सोडतो, हुकुमाने काय झालं त्याची परत खबर येते, त्यावरून पुढचा हुकूम. याला फीडबॅक म्हणतात. कळलं?"

"नाही."

(मला खोटं बोलता येत नाही. पूर्वी प्रयत्न केला होता, ही लगेच ओळखते.)

मग त्याने मला सोपं करून सांगितलं. "आपल्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिच्यात फुगा आहे. पाणी चढलं की फुगा चढतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरलं की फुगा उतरतो, नळ चालू. फुग्याला कोणी हुकूम देतं का?"

"आमचा फुगा बिघडलाय रे," मी म्हटलं. "टाकी भरली तरी नळ चालूच राहतो. मग जिन्यावरून धबधबा."

आनंदा मांडीवर थाप मारून ओरडला, "बस्स! त्यालाच युद्ध म्हणतात!"

मी जिन्याकडे बघितलं. मला तरी ते पाणीच वाटत होतं.

त्याची अडचण अशी होती की त्याचे सर म्हणाले होते, नुसत्या चौकटी नकोत, एखादी खरी चालू असलेली चकमक घेऊन दाखव. आता खरी चकमक आणायची कुठून? मिलिटरीवाले काय बघायला बोलावतात? तो बिचारा गुडघ्यात डोकं घालून बसला होता, आणि तेव्हाच मी तो निर्णय घेतला.

कारण आमच्या जिन्यावर लढाई खरंच चालू होती.

एक बाजू आमची गंगूबाई. दुसरी बाजू खालच्या मजल्यावरची दमयंती. दमयंतीचं माहेर वरळी कोळीवाड्यातलं, नवरा जगन गिरणीत माझ्याच साच्याखात्यात, मागावर. संपाला वर्ष होत आलं होतं, आम्ही दोघेही घरी बसून. एकदा हिने कुळथाची पिठी खाली पाठवली तेव्हा दमयंती जिन्यातून हसत ओरडली, "काय गो गंगूबाय, पिठी धाडलीस का नुसतं पानी तापवून धाडलंस?" थट्टेतच बोलली ती. पण संपातली थट्टा म्हणजे जखमेवरची फुंकर नव्हे, मीठ. हिने बोलणं टाकलं.

बोलणं टाकता येतं. पण दमयंतीचा पितळी टोप आमच्याकडे राहिला होता, त्याचं काय? तो परत द्यायला हवा, आणि शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही तर आपल्याकडची रीत. रिकामं भांडं म्हणजे संबंध संपला. तेव्हा हिने तोंड फिरवून त्यात घावणे घातले आणि मला म्हणाली, "देऊन या. बोलू नका तिच्याशी." खाली तो टोप रिकामा झाला. तिकडून जगन तो घेऊन वर आला, आत बोंबलाचं कालवण. तोही बोलला नाही. (आम्ही दोघे बायकांना घाबरतो. साचे बंद पाडले ते वेगळं.)

झालं. तेव्हापासून टोप खाली-वर, खाली-वर. हिला दाखवायचं होतं की संप असला तरी आमच्यात काही कमी नाही. तिलाही तेच दाखवायचं होतं. हिच्या घावण्यांवर तिची सुरमई, सुरमईवर हिची काजूची उसळ, उसळीवर तिची कोलंबी. घरात आम्ही पेज पीत होतो आणि कोकणातून आणून ठेवलेलं सगळं खाली जात होतं. पोटाला चांगलं जे काही मिळायचं ते शत्रूच्या टोपातलं. लढाई थांबावी असं मला मनापासून वाटायचं. पण पापलेट आलं त्या दिवशी वाटलं, जरा सावकाश थांबली तरी चालेल.

आनंदा हे ऐकून वेडा झाला. खडू घेऊन त्याने जमिनीवरच चौकटी आखल्या. ताई निळी, दमयंतीबाई लाल, मध्ये टोप.

"म्हणजे टोप हे शस्त्र?" मी विचारलं.

"समोरच्याला चाल बदलायला लावतं ते शस्त्र. टोपातला ऐवज म्हणजे मारा. शस्त्रस्पर्धा आहे ही, भावोजी!"

तेवढ्यात ही पोछा घेऊन आली. "सरका दोघं," म्हणाली आणि निळं, लाल, बाण, सगळं रणांगण एका हाताने पुसून टाकलं. मग पोछा पिळता पिळता म्हणाली, "डब्यात काजू नाहीत. कुळीथ तळाला गेले. गूळ आणि नारळ तेवढे आहेत, आणि तांदूळ एका घाण्यापुरते. ते संपले की टोपात घालायला माझ्याकडे काही नाही. तिच्यासमोर हात झाडून उभी राहण्यापेक्षा मी शनिवारच्या गाडीने गावी जाते. तिकीट काढून आणलंय."

"परत कधी येशील?"

"संप मिटेल तेव्हा."

तेव्हा मी घाबरलो. आमच्या चाळीतून 'संप मिटेल तेव्हा' म्हणून गावी गेलेल्या बायका अजून गावीच होत्या. मला चहा करता येत नाही हे एक झालं. पण ही झोपेत जे पुटपुटते ते ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे मी कुणाला सांगणार? मी आनंदाला गॅलरीत ओढलं.

"आनंदा, तुझ्या शास्त्रात लढाई थांबवायचं काही आहे का नुसतं चालवायचंच आहे?"

"आहे ना. दोन्ही सेनापतींना खबर कोण देतं? टोप. टोप कोण नेतं? तुम्ही. म्हणजे टाकीतला फुगा तुम्ही. प्रत्येक वेळी मारा अर्धा करायचा. ताईने भरलेला टोप खाली पोचेल तो अर्धा. समोरची म्हणेल, यांचा जोर ओसरला, आपणही हात आवरू. तिकडून कमी येईल, इकडून आणखी कमी जाईल. दोन्ही बाजूंची लाज राहील आणि लढाई आपोआप विझेल."

"आणि उरलेलं अर्धं?"

आनंदाने कागदाकडे बघितलं. कागदावर त्या अर्ध्याचं काही नव्हतं. "ते... तुम्ही बघा," म्हणाला.

मी बघितलं. जिन्याच्या मधल्या वळणावर, उंदीर मारायच्या औषधाच्या जाहिरातीखाली बसून, मी तळाच्या कुळथाची अर्धी पिठी प्यायलो. शास्त्राचं काम म्हणून प्यायलो, पण चव चांगली होती. खाली दमयंतीने झाकण उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि झाकण लावलं. मला वाटलं, विझली.

दुसऱ्या दिवशी टोप आला तो काठोकाठ. आत हलवा मासा, तुकडे एवढे की झाकण वर उचललेलं.

"आनंदा, हे कमी आहे का?"

आनंदाने चष्मा पुसला. "कधी कधी आधी उसळी येते. अर्धं करणं चालू ठेवा."

आत ही टोपाकडे बघत बसली होती. "बघितलंत? हिणवते मला. आता एकच उरलंय." आणि तिने ठेवणीतला गूळ काढला, नारळ फोडला आणि शेवटच्या तांदळाच्या खापरोळ्या केल्या. जाळीदार, मऊ, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात पोहणाऱ्या. तो शुक्रवार होता. पेटी बांधून दाराशी ठेवलेली होती. "घेऊन जा," म्हणाली. "हे शेवटचं. हे खाल्ल्यावर तिला कळेल गंगूबाई कोण होती." जणू काही मयताचंच बोलत होती.

मी वळणावर बसलो. खापरोळ्या अर्ध्या करायच्या म्हणून अर्ध्या केल्या. मग मनात आलं, अर्ध्याने तर उसळी आली. म्हणजे अर्धं पुरत नसणार. म्हणून उरलेल्याचं पुन्हा अर्धं केलं. मग जे उरलं ते इतकं थोडं दिसायला लागलं की असं पाठवणं बरं नाही असं वाटलं. आणि रस तर नुसता ठेवून काय उपयोग? शेवटी मी खाली गेलो, टोप दमयंतीच्या हातात दिला आणि वर आलो. मला अगदी शांत वाटत होतं. युद्ध माझ्यापुरतं तरी संपलं होतं.

जिना दणदणला. दमयंती दारात. एका हातात उघडा टोप, दुसऱ्या हातात मासळी कापायचा कोयता. (मासे साफ करता करता उठून आली होती, हे मला मागून कळलं. त्या वेळी कोयता तेवढा दिसला.)

"रिकामं भांडं धाडलंस गो?" ती कडाडली. "आमचं घर काय मेलं का तुझ्यासाठी?"

ही लाटणं घेऊन उठली. "रिकामं? जिभेला हाड आहे का तुझ्या? घरातला शेवटचा तांदूळ घातला मी त्यात!"

"शेवटचा?" दमयंती म्हणाली.

ही थबकली. जे लपवायला इतके दिवस लढली ते तिच्या तोंडूनच निसटलं होतं.

आनंदा कपाटामागून म्हणाला, "ताई, थोडं थांब, मी कागद शोधतोय."

पण त्या दोघींचं आता त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या बनियनवर छातीपासून पोटापर्यंत नारळाचा रस सांडलेला होता आणि मिशीला गूळ.

"गुणाजीभाऊ," दमयंती हळूच म्हणाली, "आणि कालची ती अर्धी पिठी?"

"अर्धी?" ही म्हणाली. "मी काठोकाठ भरून दिली होती!"

"फुगा," मी म्हटलं. "मी फुगा होतो."

दमयंतीने कोयता खाली ठेवला आणि उंबऱ्यावरच बसली. "अगो बाय माझे, अर्धा टोप बघून मला वाटलं, तुझ्या घरात काय उरलं नाय. रात्रभर डोळा लागला नाय. म्हणून वरळीला आयेकडं जाऊन हलवा मागून आणला. तुला हिणवायला नाय गो."

"नव्हतंच उरलं," ही म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

"आमच्यात तरी कुठं हाय? रोज आयेपुढं हात पसरते मी. ती विचारते, घरी किती माणसं जेवायला असतात गो तुझ्या?"

आधी ही हसली, मग ती हसली. मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या, रडल्या, मला काय ते नीट कळलं नाही. हिने दाराशी ठेवलेली पेटी पायाने आत ढकलली तेव्हा मात्र कळलं. संप मिटेपर्यंत चूल एकच पेटवायची, खाली दमयंतीकडे, असं तिथल्या तिथे ठरलं.

आनंदा कपाटामागून बाहेर आला. हातातला कागद कोराच. मग म्हणाला, "भावोजी, मी सगळं धरलं होतं. ताई धरली, दमयंतीबाई धरल्या, टोप धरला. तुम्हाला भूक लागते हे तेवढं धरलं नव्हतं."

"अरे, मलाही ते जिन्यात बसल्यावरच कळलं," मी म्हटलं.

आता राहिलं शनिवारचं तिकीट. काढलेलं फुकट कसं घालवायचं? तेव्हा दोघींनी ठरवलं की मी गावी जाऊन तांदूळ, कुळीथ, मिळेल ते घेऊन यावं, आणि सोबतीला जगनचंही तिकीट काढलं. परळ डेपोत ही मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्याशिवाय हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही." माझी छाती भरून आली. गाडी सुटल्यावर मी जगनला म्हटलं, "बायकांचा आपल्यावर किती विश्वास आहे बघ."

"हो ना," जगन म्हणाला.

पनवेल सोडलं तशी भूक लागली. वाटेसाठी दोघींनी मिळून भाकरी आणि सुकट बांधून दिली होती, मोठ्या डब्यात. मी डबा मांडीवर घेतला. डब्याला कुलूप.

"चावी?" मी विचारलं.

"माझ्या करगोट्याला हाय," जगन म्हणाला. "तुझ्या गंगूबाईनं स्वतः बांधली. म्हणाली, महाडला उघडायचा. त्याच्या आधी त्यांनी किती पण मागितली तरी द्यायची नाय."

खिडकीला डोकं टेकून महाडची वाट बघत बसलो. जाग आली तेव्हा गाडी चिपळूण सोडत होती आणि जगन रिकामा डबा रुमालाने पुसत होता.

"अरे, महाडला मला उठवायचं नाही का?"

"विचारलं होतं मी वहिनींना, झोपले तर काय करू," जगन म्हणाला. "त्या म्हणाल्या, झोपले तर देव पावला."