गुलाबाला तुरपाई

"अगं, एवढ्या माणसांची वेडीवाकडी अंगं मी कोटात सरळ करून दाखवली, एका गुलाबाचं काय घेऊन बसलीस? जा तू बिनधास्त!" असं म्हणत मास्तरांनी बायकोची बॅग गाडीत ठेवली आणि तिथेच ते फसले.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. खाली रस्त्याला लागून दुकान, वर बिऱ्हाड, बिऱ्हाडाला गॅलरी. त्या गॅलरीत मास्तरीणबाईंच्या कुंड्या. सगळ्यांत लाडकी कुंडी गुलाबाची, कारण ते रोप खुद्द मास्तरांनी आणलं होतं. हातगाडीवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवून "वाटीएवढी फुलं येतील बघ!" अशी गर्जना करत आणलं होतं. त्याला वर्षं लोटली. चहाचा चोथा झाला, केळ्याच्या साली झाल्या, पानांवरच्या माव्याच्या किडीला साबणाचं पाणी झालं. गुलाब पानं देत होता, काटे तर सढळ हाताने देत होता. फूल मात्र नाही! तरी बाई त्याला तळहाताच्या फोडासारखं जपायच्या. नवऱ्याने आणलेलं झाड, दुसरं काय!

आता लेकीचा पाय मोडला होता. प्लास्टर चढलं होतं, म्हणून बाई तिच्याकडे निघाल्या होत्या.

"पाणी बेताने घाला," त्या गाडीतून म्हणाल्या. "आणि हे बघा, त्याला हात लावू नका."

"नाही लावत गं!"

पहिले काही दिवस मास्तर खरंच शहाण्यासारखे वागले. पण रोज फोनवर बाईंचा आवाज दमलेला. लेक चिडचिड करायची, जेवायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी बाई विचारायच्या, "आणि गुलाब कसा आहे हो?" एक दिवस तो आवाज इतका रडवेला आला की मास्तरांना राहवेना. तोंडातून निघून गेलं, "कळी आलीये!"

"अय्या! दिसली तुम्हाला?"

"दिसली म्हणजे? चांगली बोराएवढी आहे!"

पलीकडे बाई एवढ्या आनंदाने ओरडल्या की मास्तरांनी फोन कानापासून लांब धरला. "फोटो पाठवा! आत्ताच्या आत्ता!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. गॅलरीत पानं, काटे आणि मास्तर, एवढंच होतं. पण कारागीर माणूस! खाली शाळेच्या बाईंनी नाटकातल्या राणीच्या झग्यासाठी लाल मखमल आणून टाकली होती. त्यातला कोपरा कापला, गुंडाळी केली, दोन टाके घातले. हुबेहूब कळी! ती फांदीच्या टोकाला बसवताना मधे एक बारीक हिरवी गाठ येत होती. शिंप्याला गाठ दिसली की हात आवरत नाही. कात्रीने टचकन उडवली, कळी दोऱ्याने पक्की केली आणि जरा लांबून फोटो काढला.

"अगदी मखमलीसारखी आहे हो!" बाईंचा निरोप आला.

पण कळी काही जन्मभर कळी राहत नाही. बाई रोज विचारायला लागल्या, "उमलली का?" मग मास्तर रोज उमलवत गेले! आज दोन पाकळ्या, उद्या चार, आणि रोजचा फोटो. मखमल जात होती. शाळेच्या बाई झगा न्यायला आल्या आणि हातात धरून उभ्याच राहिल्या.

"मास्तर, राणीचा झगा गुडघ्यापर्यंत?"

"बाई, राणी लढाईला निघालीय ना? लांब झगा पायात येतो!"

हे निभावतंय तोवर समोरच्या काकू दारात हजर. "तुमच्या बायकोचा फोन होता. म्हणाली, जाऊन वास घेऊन सांगा."

वास! मास्तर "कुंड्या जरा सारख्या करतो" म्हणत आत पळाले. घरात सुवासिक असं एकच होतं, त्यांच्या डोक्याचं चमेलीचं तेल. बोटाने पाकळ्यांना चोपडलं. काकूंनी चष्मा काढला, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला.

"अगंबाई! गुलाबाला चमेलीचा वास?"

"कलमी आहे तो, काकू!"

काकूंना पटलं. त्या रस्ताभर सांगत सुटल्या. लोक वर माना करून गॅलरीकडे बघायला लागले आणि मास्तरांना जिना उतरायची चोरी झाली. बायको येईल तेव्हा काय सांगायचं, या विचाराने जेवण गोड लागेना. तिच्या आनंदाचा विचका आपल्याच हाताने होणार, हे त्यांना कळून चुकलं होतं.

आणि बाई न कळवता आल्या! चपला काढल्या, तडक गॅलरीत गेल्या, झारी उचलली आणि फुलाच्या डोक्यावर पाणी ओतलं. लाल रंगाचे ओघळ देठावरून कुंडीत उतरले.

"अगं, ऐक, मी..." मास्तरांनी झारी तिच्या हातातून काढून घेतली. "तू फार थकलेली वाटलीस गं."

बाई हसायलाच लागल्या! "अहो, पहिल्याच फोटोत दिसलं मला! कळीला कोणी तुरपाई घालतं का? जन्मभर तुमचे टाके बघतेय."

"मग रोज विचारत का होतीस?"

"लेकीसाठी! कळीचा फोटो बघून पोरगी पहिल्यांदा हसली. मग रोज सकाळी दोघी वाट बघायचो, आज बाबा काय शिवतात. जेवायला लागली ती." त्यांनी डोळे पुसले. "आणि खरी कळी होतीच ना. मी निघाले तेव्हाच झाडाने बारीकशी धरली होती, टोकाला. तुम्हाला सांगितलं असतं तर गावभर केलं असतंत. कुठे आहे ती?"

मास्तरांना ती हिरवी गाठ आठवली. त्यांनी खिशातली कात्री हळूच पाठीमागे नेली. बाईंनी कात्री पाहिली, फांदी पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. पुढचे कित्येक दिवस त्या घरात लाल तर सोडाच, दुधी रंगाचीसुद्धा मखमल आली नाही.

पण छाटल्या जागी दोन धुमारे फुटले. धुमाऱ्यांना कळ्या आल्या आणि एका सकाळी खरं, गुलाबी, ओलं फूल उमललं! बाईंनी मास्तरांचा हात घट्ट धरला. मास्तरांची छाती लगेच फुगली. "माझं कटिंग कसं असतं बघितलंस ना? बोलाव काकूंना!"

काकू आल्या. चष्मा काढला, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"छे हो मास्तर! हे उतरलं. पहिल्या फुलाची सर नाही याला."