पाणवठ्यावरचा मौन सहसंशोधक

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होते. हसू नका. वाघ होता म्हटले की निमूट ऐकता, राजा होता म्हटले तरी ऐकता, आणि विद्यापीठ म्हटले की लगेच दात काढता. तुमच्या घरी कुणी प्राध्यापक आहे वाटते.

तर विद्यापीठ होते. एक हत्ती त्याचा कुलगुरू होता. तो फार विद्वान होता असे नाही. पण तो बसला की खुर्ची भरायची, आणि कुलगुरू निवडताना तेवढेच पाहिले होते.

त्या जंगलात चितळे होती आणि वानरे होती. त्यांचे फार जुने सख्य होते. चितळे खाली चरत, वानरे वर झाडावर बसत. वरून लांबचे दिसते. वाघ दिसला की वानर ‘खॅक्! खॅक्!’ असे ओरडे आणि चितळे पळत. वानराने अर्धवट खाऊन टाकलेली फळे चितळे खात. हे कधीपासून चालले होते कुणास ठाऊक. याला काही नाव नव्हते. नाव नसल्यामुळे यावर कुणी शोधनिबंध लिहिला नव्हता. आणि शोधनिबंध नसल्यामुळे, विद्यापीठाच्या मते, असे काही नव्हतेच.

एके दिवशी वाघसाहेबांनी प्रत्येक पाणवठ्यावर एक यंत्र बसवून दिले. वाटेवर आडवी ताणलेली वेल, आणि वेलीला टांगलेले बांबू. वेलीवर पाय पडला की बांबू कडाकडा वाजत. यंत्राचे नाव ‘व्याघ्रसूचक’.

‘मी येतोय हे तुम्हाला आधी कळावं, एवढीच माझी इच्छा,’ वाघसाहेब म्हणाले.

चितळांचे डोळे भरून आले. उद्‌घाटनाला वाघसाहेब स्वतः वेलीवर पाय ठेवून गेले. बांबू वाजले, टाळ्याही वाजल्या. त्यानंतर मात्र ते वेल ओलांडून जाऊ लागले. वेल कुठे आहे हे त्यांना माहीत होते.

यंत्र चांगले चालले. सांबर आले की वाजे. डुक्कर आले की वाजे. वारा सुटला तर दिवसभर वाजे. हळूहळू चितळांनी मान वर करून पाहणे सोडून दिले. सारखे कोण पाहणार?

मग वाघसाहेब कुलगुरूंकडे गेले. म्हणाले, ‘यंत्र आलं. आता समाजावर त्याचा काय परिणाम होतो, ते तुम्ही अभ्यासा. मी बीजनिधी देतो.’

बीजनिधी म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो. पुढे मोठा निधी मिळावा म्हणून आधी जो लहान निधी देतात, तो बीजनिधी. एक संपून दुसरा येईपर्यंत जे करतात, त्याला संशोधन म्हणतात.

कुलगुरूंनी एक अट घातली. संशोधन आंतरविद्याशाखीय हवे. म्हणजे दोन अशा प्राध्यापकांनी एकत्र काम करायचे, ज्यांना एकमेकांचे काही कळत नाही.

तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक ठोके होते. ते सुतारपक्षी. समाजशास्त्र विभागात प्राध्यापक पिंगळे होते. ते घुबडांपैकी. ठोके दिवसा जागे असत आणि पिंगळे रात्री. त्यामुळे दोघांत आजवर एकही मतभेद झाला नव्हता. सगळे विद्यापीठ त्यांच्याकडे आदर्श म्हणून बोट दाखवी.

त्यांची बैठक संध्याकाळी भरली. ठोके जांभया देत होते. पिंगळे अजून डोळे चोळत होते.

‘एका पाणवठ्यावर यंत्र ठेवू,’ ठोके म्हणाले. ‘दुसऱ्यावरचं काढून टाकू. मग कुठे किती चितळं उरतात ते बघू.’

‘आणि समाजाच्या दृष्टीने?’ पिंगळे यांनी विचारले.

‘उरली तर समाज. नाही उरली तर...’

एवढे बोलून ठोके यांना झोप लागली. आराखडा तयार झाला.

वाघसाहेबांना तो आवडला. ‘मी संशोधनात ढवळाढवळ करत नाही,’ ते म्हणाले. ‘फक्त ज्या पाणवठ्यावरचं यंत्र काढाल, तो माझ्या गुहेजवळचा असू द्या. क्षेत्रभेटीला बरा पडेल.’

देणगीदाराची एवढीशी सोय कोण बघणार नाही?

गुहेजवळच्या पाणवठ्यावरचे यंत्र काढले. पण तिथे एक अडचण निघाली. पाण्याच्या काठी एक जांभूळ होते आणि जांभळावर दिगंबर नावाचे वानर राहत होते. दिगंबरचा आवाज दांडगा होता. तो ओरडला तर प्रयोग बिघडणार. कारण हा पाणवठा तुलनेसाठी होता. तिथे कसलीच सूचना मिळता कामा नये.

विद्यापीठाने दिगंबरला नोकरी दिली. पदाचे नाव ‘सहसंशोधक (मौन)’. शिवाय एक शाल आणि रोज टोपलीभर उंबरे.

आता दिगंबर वाईट होता असे समजू नका. पण त्याचा मेहुणा विद्यापीठाच्या फाटकावर होता आणि सासुरवाडीला गेले की नोकरीवरून टोमणे मारायचा. सासुरवाडीला सांगण्यासारखे दिगंबरकडे काहीच नव्हते. आता झाले. ‘मी मौन सहसंशोधक आहे’ हे तो दिवसभर झाडाझाडांवर ओरडून सांगत फिरला.

दुसऱ्या दिवशी मंजुळा पाण्यावर आली. मंजुळा ही चितळांतली हरिणी. तिला नुकतेच पाडस झाले होते. त्याचे नाव टिकली. टिकलीचे पाय अजून लटपटत होते. चार पावले चालली की ती बसायची.

‘भावजी, यंत्र काढून नेलं म्हणे?’ मंजुळाने वर पाहत विचारले.

‘नेलं, वहिनी.’

‘बरं झालं बाई. मेलं सारखं कडकडायचं, पोरगी दचकायची. तुम्ही आहात ना वर, मग झालं.’

दिगंबरने शाल सावरली. ‘मी आहे. पण मी आता सहसंशोधक आहे.’

‘अगं बाई! अभिनंदन हो. काय करायचं असतं त्यात?’

‘गप्प बसायचं.’

मंजुळा खो खो हसली. ‘तुम्ही? आणि गप्प?’ मग तिने शालीकडे पाहिले आणि तिचे हसू थांबले. ‘आणि वाघ आला तर?’

‘आला हे लक्षात ठेवायचं आणि संध्याकाळी ठोकेसरांना सांगायचं.’

‘आणि आम्ही?’

‘तुम्ही तुलनेच्या गटात आहात, वहिनी. खरं तर हेसुद्धा मी तुम्हाला सांगायला नको होतं.’

दुसरा पाणवठा टेकडीपलीकडे होता. मंजुळाने टेकडीकडे पाहिले, मग टिकलीच्या पायांकडे.

‘टेकडी हिला चढायची नाही, भावजी.’

‘मग जरा घाईघाईनं पीत जा,’ दिगंबर म्हणाला.

पद मिळाले की असे सल्ले सुचतात, बाळांनो. त्याला इलाज नाही.

मग एका सकाळी वाघसाहेब क्षेत्रभेटीला आले. दिगंबरने त्यांना लांबूनच पाहिले. ते गवतातून पोट टेकवत येत होते. मंजुळा काठावर होती. टिकली पाण्यात पुढचे पाय घालून उभी होती आणि पाण्यात दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडाला नाक लावून पाहत होती. वारा उलट्या दिशेने होता. मंजुळाला वास येणे शक्य नव्हते.

दिगंबरने उंबरांनी तोंड भरून घेतले. आणखी एक कोंबले. वाघसाहेब गवताच्या कडेला आले आणि त्यांनी मागचे पाय गोळा केले.

‘खॅक्! खॅक्! खॅक्!’

उंबरे चौफेर उडाली. मंजुळाने टिकलीला डोक्याने ढकलले आणि दोघी करवंदीच्या जाळीत घुसल्या. वाघसाहेबांची उडी रिकाम्या पाण्यात पडली. ते ओले झाले, त्यांनी वर पाहिले आणि निघून गेले. मोठ्यांचे रागही मोठे असतात. ते लगेच दिसत नाहीत.

दिगंबर इकडेतिकडे पाहू लागला. वाघाला नव्हे, नोकरीला भिऊन. पण ठोके त्या दिवशी टेकडीपलीकडे होते आणि पिंगळे ढोलीत झोपलेले होते. कुणी ऐकले नव्हते.

‘वहिनी,’ तो खाली वाकून म्हणाला, ‘हे आपल्यातच राहू दे.’

‘कुणाला सांगणार नाही, भावजी,’ मंजुळा म्हणाली. ‘माझी पोरगी वाचवलीत.’

वाघसाहेब उपाशी कसे राहणार? ते टेकडीपलीकडच्या पाणवठ्यावर जाऊ लागले. तिथे यंत्र होते. ते कडकडत असे आणि चितळे खाली मान घालून पाणी पीत असत. वाघसाहेब वेल ओलांडून येत. तिथली चितळे भराभर कमी झाली.

प्रयोग संपला. वडाखाली मोठी परिषद भरली. सारे जंगल आले. पुढच्या रांगेत वाघसाहेब बसले. टोळ्याटोळ्यांनी चितळेही आली होती. परिषदेच्या दिवशी शिकार करायची नाही असा नियम होता, आणि परिषदेत फराळ असतो.

ठोके यांनी निष्कर्ष वाचला.

‘जिथे यंत्र आहे, तिथली चितळे कमी झाली. जिथे यंत्र नाही आणि वानरही गप्प आहे, तिथले एकही चितळ कमी झाले नाही. यावरून सिद्ध होते की चितळांना धोका वाघापासून नाही. धोका सूचनेपासून आहे.’

‘समाजाच्या दृष्टीनेही,’ पिंगळे झोपेत म्हणाले.

टाळ्या पडल्या. कुलगुरूंनी ठराव मांडला. सगळ्या पाणवठ्यांवरची यंत्रे काढावीत आणि जंगलातल्या एकूण एक वानराला मौन सहसंशोधक नेमावे. वाघसाहेबांनी तिथल्या तिथे मोठा निधी जाहीर केला. दिगंबरला ‘प्रमुख सहसंशोधक (मौन)’ अशी बढती मिळाली. मेहुणा फाटकावरून मान उंच करून पाहत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला. ‘मला बोलायचंय.’

मंजुळा उभी होती.

‘आपला विषय?’ कुलगुरूंनी विचारले.

‘विषय कसला, साहेब? मी तिथं पाणी पिते.’ ती दोन पावले पुढे आली. ‘आमच्या पाणवठ्यावर वाघ आला होता. दिगंबरभावजी ओरडले म्हणून माझी पोर वाचली. भावजी, मला माफ करा, मी शब्द दिला होता. पण आता सगळीच वानरं गप्प बसवणार म्हणतात. बाकीच्यांच्या पोरांचं काय?’

परिषदेत कुजबुज झाली. ठोके यांनी चोच साफ केली.

‘हा एका हरिणीचा व्यक्तिगत अनुभव आहे. तो आम्हाला धरता येत नाही.’

‘तरी विचारून घेऊ,’ कुलगुरू म्हणाले. ‘सहसंशोधक दिगंबर, तुम्ही ओरडला होता काय?’

दिगंबर फांदीवर बसला होता. त्याने मंजुळाकडे पाहिले. मेहुण्याकडे पाहिले. शालीचे टोक बोटाला गुंडाळले.

‘नाही, साहेब,’ तो म्हणाला. ‘मी गप्प होतो.’

मंजुळाने टिकलीला पोटाखाली घेतले. इतकी वर्षे मी ही गोष्ट सांगतो आहे, बाळांनो, पण इथे आलो की मला दिगंबरचा अजूनही राग येतो. दोन मिनिटे थांबून मग पुढे सांगतो.

हं. तर वाघसाहेब उठले. फार गोड बोलले.

‘वाद कशाला? जे पाडस या प्रयोगातून सुखरूप बाहेर पडलं, ते विज्ञानाचं पाडस आहे. त्याला पुढे येऊ द्या. मी स्वतः त्याचा सत्कार करतो.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. टिकलीला कुणी कधी असे बोलावले नव्हते. तिला फार आनंद झाला. ती आईच्या पोटाखालून निघाली आणि उड्या मारत रांगांमधून पुढे गेली. मंजुळाला ओरडायचे होते. पण सगळे टाळ्या वाजवत होते.

सत्कार घेणाऱ्याकडे सगळे पाहतात. करणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. दिगंबर वर होता. वरून त्याला वाघसाहेबांची पाठ दिसत होती. ती पाठ हळूहळू खाली गेली. शेपटीचे टोक हलले.

‘खॅक्! खॅक्! खॅक्! खॅक्!’

असा आवाज त्या वडाने कधी ऐकला नव्हता. सबंध परिषद उठून पळाली. चितळे पळाली, सांबरे पळाली, प्रमुख पाहुणे पळाले, कुलगुरू खुर्चीसकट पळाले. टिकली तर आईच्याही पुढे पळाली. तिचे पाय आता चांगलेच भरले होते.

धुरळा बसला तेव्हा वाघसाहेब उरले होते. ठोके खोडाला चिकटून होते. पिंगळे झोपले होते. ठराव उपस्थितांच्या एकमताने मंजूर झाला.

दिगंबरची शाल काढून घेतली. शैक्षणिक वातावरणात गोंगाट केल्याबद्दल त्याला विद्यापीठाची दारे कायमची बंद झाली. बाकी सगळ्या वानरांना पदे मिळाली, शाली मिळाल्या, आणि सारे जंगल कसे शांत झाले. जंगलात बेकार असे एकच वानर उरले.

ते जांभळावर बसून राही. दुसरे काही काम नव्हते. वाघ दिसला की ओरडे. वाघाची सावली दिसली तरी ओरडे. एकदा ठोकेसर दिसले तेव्हाही ओरडले.

बऱ्याच दिवसांनी मंजुळा त्याच्याशी बोलली.

‘भावजी, त्या दिवशी खोटं का बोललात?’

‘पद होतं, वहिनी.’

‘आणि मग ओरडलात का?’

‘ते मला विचारून झालं नाही,’ दिगंबर म्हणाला.

मंजुळाने मान हलवली. पलीकडे टिकली पाणी पीत होती. पोट तट्ट फुगेपर्यंत, एकदाही मान वर न करता.

पुढे जंगलभरातल्या हरिणी आपापली पाडसे घेऊन त्याच पाणवठ्यावर राहायला आल्या. ही गर्दी का होते ते विद्यापीठाला कळेना. ठोके आणि पिंगळे यांनी त्यावर नवा प्रस्ताव दिला. पण वाघसाहेबांनी या वेळी बीजनिधी नाकारला. विषय त्यांना समाजोपयोगी वाटला नाही.

तात्पर्य : बाळांनो, खूप शिका, मोठे व्हा, पद मिळवा. पण राहायला जागा बघाल तेव्हा शेजारी बेकारच बघा.