रेतीगडचे नाईक हिवरकर

सोसायटीत पाण्याचा टँकर आला की हिवरकरकाका त्याला सॅल्यूट ठोकतात. असातसा नाही, चपला काढून, टाचा जुळवून, कडक. आणि बादल्या घेऊन टँकरमागे धावणाऱ्या आम्हा सभ्य लोकांना दरडावतात, "अहो, शाही पाणी चाललंय! निदान सरळ तरी उभे राहा!" टँकरवाला आधी बिचकायचा. आता तोही खिडकीतून हात वर करतो.

पुण्याच्या बिबवेवाडीत आमच्या समोरच्याच दारात हे गृहस्थ राहतात. मूळचे यवतमाळकडचे. इथं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना सुटला आणि पुढं काकूही गेल्या, एवढंच मी ऐकून होतो. त्यापुढचं आपण होऊन विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

काकांच्या म्हणण्याप्रमाणे जग केव्हाच संपलेलं आहे, फक्त आपल्याला कुणी कळवलेलं नाही. "जगबुडी नाही हो, जगसुकी!" नद्या आटल्या, पर्वतीच्या पायऱ्यांपर्यंत वाळू आली आणि उरल्यासुरल्या माणसांनी रेतीगड नावाचं राज्य काढलं. राज्याला राजा आहे, पण तो अडीच वर्षांचा. "महाराजांना सध्या दात येताहेत," असं काका अगदी गंभीरपणे सांगतात. त्यामुळे सगळा कारभार सैन्याकडे. सैन्यात उंटदळ आहे, पाणीदळ आहे आणि सावलीदळ आहे. सावलीदळाकडे नुसत्या छत्र्या.

"बंदुका नाहीत?" मी एकदा विचारलं.

"वाळू जाते ना नळीत."

"मग शत्रू आला तर?"

"शत्रू अजून ठरलेला नाही. विषय दरबारात आहे."

"आणि तुम्ही सेनापती?"

"छे बाप्पा! मी नाईक. पाणीदळात."

"स्वतःच काढलेल्या राज्यात नुसते नाईक?"

"मग? स्टोअरकीपरला सेनापती कोण करतं?"

आता सांगा, अशा माणसाच्या समोरच्या दारात सॉफ्टवेअरवाल्यानं राहायचं कसं? मी तेव्हा नुकताच त्या धंद्यात शिरलो होतो. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, कमरेला मोबाईल, तोंडात इंग्रजी. एकदा ऑफिसची मंडळी घरी जेवायला आली, तर काकांनी आमच्या मॅनेजरला जिन्यातच अडवलं. "परराज्याचे वकील का?" असं विचारून त्याला वाटीभर पाणी प्यायला लावलं आणि मगच वर सोडलं. रेतीगडात वकिलाचा मान तसाच करतात म्हणे. मॅनेजर बिचारा दोन्ही हातांनी वाटी धरून प्यायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी बायको माधवी मात्र खुदकन हसली. "पाणीच दिलं ना? तुम्ही तर अजून त्यांना बसासुद्धा म्हणाला नाहीत."

मग अमेरिकेत मंदी आली. सन दोन हजारच्या वायटूके घोळाच्या वेळी ज्यांना गोड बोलून बोलावलं होतं, त्यांना तितक्याच गोड आवाजात बाहेर काढलं. त्यात मी. पट्टा काढून टेबलावर ठेवायला सांगितला, तेव्हा माझी मान इतकी हलकी झाली की वर उचलवेना.

घरी सांगायला जीभच रेटेना. सासरच्या लग्नकार्यांतून 'आमचे सॉफ्टवेअरचे जावई' म्हणून मिरवलो होतो ना! मग रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, माधवीनं दिलेला डबा घ्यायचा आणि स्वारगेटच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचं. तिथं दिवसभर बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

एके दिवशी शेजारी येऊन बसावं कुणी? तर नाईक हिवरकर यांनी.

"काका, इकडं कुठं?" मीच आधी विचारलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

"सीमेवर ड्यूटी. आणि तुम्ही?"

"क्लायंट येतोय. सांगलीहून."

लाल एसटीनं सांगलीहून येणारा क्लायंट! काकांनी नुसती मान डोलावली. दुसऱ्या दिवशीही ते आले आणि दुसऱ्या दिवशीही माझा क्लायंट आला नाही. मग काका समोरच्या बसची पाटी वाचत म्हणाले, "पाणीदळात एक जागा आहे. भरती होता का?"

"अट काय?"

"माणूस कुठून तरी काढलेला असावा. बाकीचे तहानेला टिकत नाहीत."

माझे कान तापले. काकांनी आपल्या डब्यातला ठेचा काढून माझ्या पोळीवर ठेवला आणि "काहून लाजता?" एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात माधवीनं बातमी दिली. "बाबा येताहेत शुक्रवारी. तुमचं काचेचं ऑफिस बघायचंय त्यांना. गावभर सांगून ठेवलंय." माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, साताऱ्याकडच्या एका खेड्यातले. आयुष्यात त्यांनी हौस म्हणून मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

शुक्रवारी मी त्यांना उतरवून घ्यायला स्टँडवर थांबलो होतो. काका शेजारी होतेच. मी त्यांना माझा बेत सांगितला. "ऑफिसच्या कॉम्प्युटरला व्हायरस झालाय, म्हणून बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत, असं सांगतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

काका, रेतीगड नाही, दरबार नाही, साध्या आवाजात बोलायला लागले.

"मला काढलं तेव्हा मीही रोज निघत होतो. कारखान्याचा खाकी शर्ट घालून. ती डबा भरून द्यायची. याच बाकावर बसायचो. एका दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी तिच्यासमोरच कारखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, हिवरकर नावाचं इथं कुणी नाही. संध्याकाळी मी दवाखान्यात पोचलो, तर शुद्धीवर होती. मला म्हणाली, थकला असाल, कामावरून आलात."

"मग?"

"मी म्हणालो, हो, आज काम फार होतं."

"पहाटे गेली," काका म्हणाले. "फोनचं मला नंतर कळलं."

तेवढ्यात साताऱ्याची गाडी लागली. मामा शेंगांचं लहानसं पोतं सांभाळत उतरले. फेटा नवा होता, ऑफिससाठीच बांधलेला. "काय जावईबापू, चला, आधी हापिस का आधी घर?"

मी पाया पडायला वाकलो आणि वर उठायच्या आतच म्हणालो, "मामा, ऑफिस नाही. मला काढून टाकलंय. घरी अजून सांगितलेलं नाही."

मामांनी पोतं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता या स्टँडवर माझी अब्रू जाणार.

"मंग? नोकरीच गेली न्हवं? हातपाय हायती ना जागच्या जागी?" ते म्हणाले. "माधवीला ठावं न्हाई? तिला आधी सांगा, चला. आन मला भूक लागलीया."

मी वळून पाहिलं, तर काका उभे राहिले होते.

"झालं सांगून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "गाडीतली माणसंसुद्धा अजून उतरली नाहीत हो. सांगणं एवढंच असतं होय?"

आणि ते मटकन बाकावर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून, भर स्टँडवर, हमसून हमसून रडायला लागले. मामांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि ते काकांजवळ बसले.