वाकोला ते बोरिवली, फुल एसी

सहदेव राऊळला एका गोष्टीची पक्की खात्री होती. हवेतलं त्याला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या बोरिवलीत कुणाला कळत नाही! आणि का कळू नये? उमेदीची सगळी वर्षं त्याने परळच्या गिरणीत हवेच्या प्लँटवर काढली होती. कापड विणताना हवा दमट लागते, कोरडी पडली की सूत तुटतं. म्हणून साच्यांच्या, म्हणजे मागांच्या वर, छताला पितळी फवारे, आणि त्या फवाऱ्यांतून पाण्याचा धूर सोडणारा सहदेव. संपानंतर गिरणी गेली, प्लँट गेला, ज्ञान तेवढं उरलं. ते तो बिल्डिंगमध्ये भेटेल त्याला फुकट वाटायचा.

त्यामुळे आपल्या फियाटचा एसी बंद आहे, याचं त्याला कधी काही वाटलंच नाही. ही फियाट मुळात गोरेगावच्या एका निर्मात्याची. त्याचं पिक्चर आपटलं, तो मुंबई सोडून गेला, आणि डॅशबोर्डखाली एसीचा डबा लटकवलेली ती जुनी गाडी सहदेवने स्वस्तात उचलली. स्टुडिओतल्या माणसांची ने-आण करून घर चालत होतं. एसीतून मात्र गरम वारा यायचा, तोही धुळीसकट.

"किरकोळ काम आहे," सहदेव सांगायचा. "मनात आणलं तर एका दिवसात करून टाकीन."

मनात आणायची वेळ लतामुळे आली. लता त्याची एकुलती एक मुलगी, अंधेरीला टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला. तिथल्याच विद्याधर तावडेशी तिने परस्पर लग्न ठरवून टाकलं होतं. मुलगा गुणी होता. अडचण होती ती त्याच्या वडिलांची. दशरथ तावडे वाकोल्याला राहायचे. तेही गिरणीवालेच, दुसऱ्या गिरणीत साच्यावर होते, संपात पार धुऊन निघालेले. आता एका शाळेत शिपाई होते, आणि गिरणी सुटल्यापासून त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. रविवारी ते सहकुटुंब घर बघायला येणार होते. सहदेवने वाण्याच्या फोनवरून त्यांच्या शाळेत फोन लावला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात आमंत्रण दिलं.

"बसबिस काही नाही हां तावडे. मी स्वतः न्यायला येतो. एसी गाडी आहे आपली. मे महिना आहे हे विसरून जाल!"

दुसऱ्या दिवशी लता ऑफिसातून आली ती तोंड पाडून.

"बाबा, तुम्ही त्यांना एसी गाडी म्हणालात?"

"म्हणालो. मग?"

"विद्याधरचे बाबा काय म्हणाले माहितीय? संपात आमची चूल पेटत नव्हती, आणि या राऊळांकडे एसी गाडी आली कुठून? मालकाला सामील असणार. असल्या घरची मुलगी मला नको."

सहदेवला हे फार लागलं. संपाच्या काळात त्याने गिरणीच्या गेटाकडे तोंडसुद्धा केलं नव्हतं. बायकोच्या, रत्नप्रभाच्या, पाटल्या गेल्या त्या तेव्हाच.

"मग गाडी नेऊच नको का?"

"आता नाही नेलीत तर म्हणतील, चोर आहे म्हणून लपवली. नेलीत आणि एसी लागला नाही, तर म्हणतील थापाड्या. वाट लावलीत ना बाबा!" लता आत गेली आणि रडली. बाहेर नीट ऐकू येईल अशा बेताने रडली.

सहदेवने ठरवलं, चोर की साव ते तावडे काय ते बघतील, आपण थापाड्या तरी ठरायचं नाही. तो गाडी घेऊन अंधेरीच्या एसीवाल्याकडे गेला. एसीवाल्याने डब्यात डोकावून सांगितलं की गॅस उडालाय, कॉइल फुटलीय, गाडी आठवडाभर सोडून जा. सहदेवला त्याची कीव आली. हवेच्या माणसाला हा हवा शिकवत होता.

शनिवारी सकाळी बिल्डिंगच्या आवारात चटई पसरून त्याने एसीचा डबा खोलला. मदतीला त्याचा मित्र बाळा होता. बाळा गोरेगावच्या स्टुडिओत नकली धुकं आणि नकली पाऊस पाडायच्या कामावर होता, म्हणजे तसा हवापाण्याच्याच लायनीतला. साबणाचा फेस लावला की गळती सापडते असं सहदेवने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने दाढीच्या ब्रशाने अख्ख्या कॉइलला फेस फासला. दोघे उकिडवे बसून बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही.

"बघ. गळती नाहीच."

"अरे, आत गॅसच नाही तर बुडबुडा कसला येणार?" बाळा म्हणाला.

वरच्या गॅलरीतून रत्नप्रभाचा आवाज आला. "अहो, तो ब्रश दाढीचो मा? उद्या तोंडाक ग्रीस फासून बसलात तर व्याही काय म्हणतले?"

सहदेवचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो त्या फेसाळलेल्या कॉइलकडे टक लावून बघत होता.

"बाळा, गिरणीत हवेचं एवढं मोठं खातं होतं. तिथे कधी गॅस भरला होता?"

"मला काय माहीत? मी कुठे होतो गिरणीत?"

"नव्हता भरला! हवा आणि पाणी, बस. हे गॅसबिस सगळं धंदेवाल्यांनी काढलेलं आहे."

तो तडक घरात गेला आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आला. तो गिरणीतला पितळी फवारा होता. संपाच्या आदल्या पाळीला सहदेवने तो साफ करायला म्हणून जेवणाच्या डब्यातून घरी आणला होता, आणि परत न्यायचा राहूनच गेला. दर दसऱ्याला चिंचेने घासून त्याला हळदकुंकू लागायचं.

मग कामाला वेग आला. कॉइल उपटून काढली, तिच्या जागी फवारा बसवला. बाळाने स्टुडिओतून एक छोटी मोटर आणली. हिरोइनच्या गालावर दव पाडायला ती वापरायचे आणि गाडीच्या बॅटरीवर ती मजेत चालायची. डिकीत पाण्याचा डबा, डब्यात मासळी बाजारातला बर्फ, डब्यापासून फवाऱ्यापर्यंत रबरी नळी. शेवटी मूठभर स्क्रू उरले.

"हे कुठले रे?" बाळाने विचारलं.

"जास्तीचे. कंपनीवाले लावून ठेवतात."

बटण दाबलं, फवारा फुसफुसू लागला, आणि डॅशबोर्डखालून गारेगार धुक्याचा झोत आला. "झकास!" बाळा ओरडला. बिल्डिंगमधली माणसं पाळीपाळीने गाडीत बसून गेली. कुणी म्हणालं महाबळेश्वर, कुणी म्हणालं काश्मीर. यातलं कुणीच दोन्हीकडे गेलेलं नव्हतं, पण सहदेवला ते पटलं.

रविवारी सकाळी लोकांनी पुन्हा आग्रह केला, आणि कौतुकाला नाही म्हणणं सहदेवच्या स्वभावात नव्हतं. या पाहुणचारात डिकीतलं पाणी संपलं. तोवर नळ गेला होता. सहदेव धावत घरात आला. रत्नप्रभा आत कोंबडीच्या वाटणात होती, वड्यांचं पीठ मळायचं बाकी होतं. मोरीत एक डबा काठोकाठ भरलेला दिसला. सहदेवने तो उचलून डिकीतल्या डब्यात रिकामा केला, वर बर्फ टाकला आणि वाकोल्याची वाट धरली.

दशरथ तावडे खाली उतरले ते टेरिलिनचा पांढरा शर्ट घालून आणि ओठ मिटून. त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"चांगली आहे," ते म्हणाले. चांगली या शब्दाचा एवढा वाईट अर्थ सहदेवने पहिल्यांदाच ऐकला.

ते पुढे बसले. मागे त्यांची बायको विमला सुती साडीत आणि विद्याधर तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेला. काचा वर झाल्या. सहदेवने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. गार झोत आला.

"अगो बाई, काय गारवा!" विमलाबाई म्हणाल्या.

"पैसा बोलतो," दशरथराव म्हणाले. सहदेव मान खाली घालून गिअर बदलू लागला.

अंधेरीपर्यंत सगळं ठीक होतं. जोगेश्वरीला बर्फ विरघळला. गोरेगावला तर गाडी जागची हलेना, कारण पुढे एका ट्रकवर अर्धा राजवाडा चालला होता, पिक्चरच्या सेटचा, आणि त्याचा घुमट झाडाच्या फांदीत अडकला होता. वरून ऊन, खालून इंजिन, आणि मधे सहदेवचा फवारा इमाने इतबारे फुसफुसतोय! आतली हवा आधी कोमट झाली, मग गरम, मग घट्ट. काचांवर वाफ धरली. समोरचा राजवाडा दिसेनासा झाला. विमलाबाई पदराने वारा घेऊ लागल्या. विद्याधरच्या नाकावरून थेंब टपकू लागले. सहदेव हाताने काच पुसत होता आणि मनातल्या मनात लताची माफी मागत होता.

विद्याधरने हळूच काच खाली घ्यायला हँडल फिरवलं.

"काच वर घे," दशरथराव म्हणाले.

त्यांचे डोळे मिटलेले होते. घाम गळ्यावरून ओघळत होता, आणि ते तो पुसत नव्हते.

"राऊळ, हा आवाज कसला?"

"एसीचा."

"एसी असा वाजत नाही. हा फवारा आहे. पितळी."

सहदेवच्या घशाला कोरड पडली. त्या गाडीत कोरडं असं तेवढंच काय ते उरलं होतं. थाप मारायला जीभ उचलली, पण ती वळेना.

"पितळी आहे," तो म्हणाला.

दशरथरावांनी डोळे उघडले आणि प्रथमच त्याच्याकडे नीट बघितलं.

"खंयच्या खात्यात होतंस तू?"

तुम्हीचं तू झालेलं सहदेवच्या लक्षात आलं. "हवेच्या प्लँटवर. संपाच्या आदल्या पाळीला फवारा साफ करायला घरी आणला, तो तसाच राहिला. एसी मोडकाच आहे तावडे. हे आपलं घरी केलंय. गाडीही पडेल भावात घेतलेली, भाड्याने फिरवतो."

दशरथरावांनी वाकून डॅशबोर्डखाली हात धरला आणि धुकं बोटांवर घेतलं.

"हवेवाला!" दशरथराव म्हणाले. "अरे, साच्यावर सूत तडातडा तुटायला लागलं की मी वर बघून ओरडायचो, हवा सोड रे ए भाड्या!"

"आमच्या गिरणीतही हेच म्हणायचे," सहदेव म्हणाला. "मला वाटायचं ते माझं नावच आहे."

आणि दशरथ तावडे हसले! आधी खांदे हलले, मग पोट, मग अख्खी फियाट. मागे विमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तो घामासाठी होता की कशासाठी हे वाफेत कळलं नाही.

"सगळं तसंच," दशरथराव छातीभर श्वास घेत म्हणाले. "तीच हवा. आणि वाससुद्धा तोच रे! सुताला लावायच्या खळीचा. हा कसा जमवलास?"

सहदेवने हुंगलं. खरंच, खळीचा वास होता. तो कुठून आला याची त्याला काडीचीही कल्पना नव्हती.

"जमवला," तो म्हणाला.

घुमट सुटला, गाड्या हलल्या. बोरिवली येईपर्यंत दोघे दोन वेगवेगळ्या गिरण्यांमधल्या जॉबरांना, त्या मुकादमांना, एकत्र शिव्या घालत होते.

घरी मात्र वेगळीच शोधाशोध चालली होती. "माझो खळीचो डबो खंय गेलो?" रत्नप्रभा विचारत होती. लताच्या साडीला म्हणून तिने साबुदाण्याची पातळ खळ करून मोरीत ठेवली होती. लता बिनखळीची लोळागोळा साडी नेसून रडवेली उभी होती, तेवढ्यात चौघं आत आली. चिंब, लालबुंद, आणि हसत!

पाहुणे पंख्याखाली बसले आणि वाळू लागले. वाळता वाळता कडक होऊ लागले. विमलाबाईंची साडी नुकती परटाकडून आल्यासारखी ताठ झाली. दशरथरावांनी वड्यासाठी हात पुढे केला तेव्हा बाही कडाकडा वाजली. विद्याधरचे केस जिथे होते तिथेच उभे राहिले. रत्नप्रभाने विमलाबाईंचा पदर दोन बोटांत धरून चोळला, वास घेतला आणि नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की तो पाणी आणायला आत गेला.

"नळ गेलाय," लता म्हणाली. मग ती विद्याधरच्या केसांकडे बघून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"मुलगी पसंत आहे," दशरथराव ताठ कॉलरीतून म्हणाले. "आणि वरात ह्याच गाडीतून. एसी लावून."

लग्न थाटात झालं. नवरानवरी वरातीतून उतरली ती इस्त्री केल्यासारखी. बिल्डिंगमध्ये सहदेवचा भाव असा वधारला की लोक फ्रीज बिघडला तरी त्यालाच विचारू लागले, आणि तो सल्लाही द्यायचा.

पुढे लताने पहिल्या पगारवाढीतून बापासाठी गुपचूप अंधेरीच्या एसीवाल्याला गाठलं. नवी कॉइल बसली, गॅस भरला गेला. दिवाळीला सहदेव व्याह्यांना आणायला वाकोल्याला गेला तेव्हा गाडीत खरोखरची, कोरडी, बर्फासारखी थंडी होती. सहदेवच्या मिशीला हीव भरलं. आता कुणाच्या बापाची भीती नव्हती.

दशरथराव बसले. अंधेरीपर्यंत ते सारखी हवा हुंगत होते. मग त्यांनी रुमाल काढला, एसीच्या तोंडावर धरला, तो कोरडाच राहिलेला बघितला आणि व्याह्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बिघडला ना रे?" ते हळूच म्हणाले. "किती छान चालत होता. कुणाला हात लावू दिलास?"

सहदेवने एकदा एसीकडे बघितलं, एकदा व्याह्यांकडे.

"अंधेरीचा एक आहे," तो म्हणाला. "त्याला हवेतलं काही कळत नाही."

जोगेश्वरीच्या पुढे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्याने डिकी उघडली. पाने, पकड, रबरी नळी सगळं जागेवर होतं. पितळी फवाराही होता. फक्त ते जास्तीचे स्क्रू काही केल्या सापडेनात.