कॉकलोरम साहेब

भिलाईत खरं इंग्रजी येणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, याबद्दल मारोतरावांना तिळमात्र शंका नव्हती. बाकीचे सगळे 'काइंडली डू द नीडफुल'वर पोट भरणारे! पोलाद कारखान्याच्या एका ऑफिसात ते हेडक्लार्क होते. खुर्चीवर उशी असे. ती पाठीसाठी आहे असं ते सांगत. असे मात्र ती बुडाखाली. नाहीतर टेबलापलीकडून नुसता चष्मा दिसला असता.

त्यांचे वर्मासाहेब उंचीने तेवढेच, पण तोरा केवढा! स्कूटरवरून असे उतरत, जणू कारखान्याची भट्टी यांनीच पेटवली! मारोतरावांना त्यांचा मनस्वी तिटकारा. पण साहेब आता रिटायर व्हायचे होते, आणि त्या खुर्चीसाठी शिफारस त्यांचीच लागणार होती.

"साहेबासंगं गोड बोलत जा," डबा देताना सिंधुताई रोज बजावत. "थो बुढा नाही म्हणला तं जनमभर क्लार्कच राहान!"

गोड बोलणं मारोतरावांच्या जिवावर यायचं. अशात पावर हाउस बाजारातल्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या जुन्या डिक्शनरीत त्यांना एक शब्द गवसला. कॉकलोरम! म्हणजे अंग वीतभर आणि तोरा हातभर असा माणूस. जुन्या काळी कोण्या खट्याळ गोऱ्याने साध्या कोंबड्याला लॅटिनची ऐटदार शेपटी चिकटवून हा शब्द बनवला होता. मारोतराव एकटेच पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी भर ऑफिसात त्यांनी हात जोडले. "सर, यू आर अ ट्रू कॉकलोरम!"

आता त्या ऑफिसचा एक धर्म होता. इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायचा नाही! कळला नाही तर मान डोलवायची, आणि उद्यापासून आपणच वापरायचा. साहेबांनी मान डोलवली.

"थँक यू, थँक यू! बस, आप लोगों का प्यार है!"

"हम तो कब से कह रहे हैं, सर!" टायपिस्ट बाबुलाल म्हणाला. ढोंगी कुठला!

आठवड्यात साहेबांच्या क्वार्टरवर पाटी लागली: 'डी. आर. वर्मा, कॉकलोरम'. गणपतीत माइकवरून 'हमारे कॉकलोरम साहब' असा पुकारा झाला. जामुलच्या एका ठेकेदाराने तर ही पदवी कुठे मिळते म्हणून चौकशी केली!

मारोतरावांचं हसू पळालं. एखाद्या शहाण्याने डिक्शनरी उघडली, की प्रमोशन गेलंच! निदान आपली तरी कोणाच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी ती तांदळाच्या पिंपात पुरली. कोंबडं झाकायला निघाले होते बिचारे!

निरोपसमारंभात समोसे झाले, हार झाले, आणि साहेब उठले. "मेरी कुर्सी के लिए मैंने मारोतराव का नाम भेज दिया है!" टाळ्या पडल्या. मारोतरावांचा जीव भांड्यात पडला. "और जो उपाधि इन्होंने मुझे दी, वह भी आज इन्हीं को सौंपता हूँ!"

साहेबांनी पितळी पाटी पुढे केली. चकचकीत अक्षरं होती: 'मारोतराव, कॉकलोरम'.

"नो सर! आय अॅम नॉट!" मारोतराव जिवाच्या आकांताने ओरडले.

"काय हा विनय!" मागून कोणीतरी म्हणालं.

"आप ही हैं, सर! आप ही हैं!" बाबुलालने सूर धरला, आणि सगळं ऑफिस एका आवाजात तेच म्हणू लागलं.

त्याच संध्याकाळी सिंधुताईंनी शेजारी पेढे वाटले आणि मारोतरावांना स्टुलावर चढवून दारावर पाटी ठोकायला लावली. "जरा वरतं लावा, रस्त्यावरून दिसली पायजे!"

एवढ्यात तांदूळ काढायला गेलेली त्यांची लेक नलू बाहेर आली. नलू कॉलेजात शिकत होती. हातात डिक्शनरी, आणि बोट नेमकं त्या शब्दावर!

"बाबा, साहेबाले हे कोण म्हणलं होतं?"

"मी," मारोतराव पुटपुटले.

"आन् तुमाले?"

"साहेबानं."

नलूने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा स्टुलावर टाचा उंचावून उभ्या असलेल्या बापाकडे.

"मंग दोघंही खरंच बोलले नं, बाबा!"